शेततळ्यातला मासा खातो काय?

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले की पंचवीस-तीस किलोमीटरवर राजूर येते. टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे हे गाव मराठवाड्याबाहेरही ठाऊक आहे. अंगारकीला इथे पायी येणाऱ्यांची रीघ लागते. मात्र हा सगळा पट्टा पावसाच्या भरवशावरचा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे पाणी साठवणे ही इथल्या शेतीची पहिली गरज. जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१६ मध्ये राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि काळ्या प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी जिल्ह्यात सर्वदूर दिसू लागली.

पाणी साठले की त्यात मासे सोडण्याचा विचार ओघानेच येतो. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली आणायची, आठ-दहा महिने वाढवायची आणि उन्हाळ्यात पाणी आटण्याआधी विकायची. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. प्रत्यक्षात मत्स्यशेतीच्या चालू खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा एकाच गोष्टीवर जातो, ती म्हणजे खाद्य. खाद्यातही सर्वांत महाग घटक म्हणजे प्रथिन. हे प्रथिन कुठून आणायचे, हा प्रश्न आज नॉर्वेच्या सॅल्मन कंपन्यांपासून आंध्रच्या कोळंबी तलावांपर्यंत सगळ्यांना पडला आहे. जालना जिल्ह्यापुरता विचार केला, तर त्याच्या उत्तराचे काही तुकडे इथल्याच बाजारात पडून आहेत.

प्लास्टिकच्या तळ्यात निसर्ग कमी

गावतळ्यात किंवा धरणात मासा बऱ्याच अंशी स्वतःचे पोट स्वतः भरतो. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ आणि सायप्रिनस तळाच्या चिखलातले किडे, अळ्या आणि कुजलेला पाला खातात. शेणखत टाकले की पाण्यावर हिरवट झाक येते. तोच माशांचा चारा.

अस्तर घातलेल्या शेततळ्यात मातीचा आणि पाण्याचा संबंधच तुटतो. तळाचा चिखल नाही, म्हणून त्यात राहणारे किडेही फारसे नाहीत. पाणी मर्यादित आणि हंगाम आखूड. कमी काळात कमी पाण्यात जास्त वाढ हवी असेल, तर बाहेरून खाद्य द्यावेच लागते. पाठ्यपुस्तकातला जुना नुस्खा म्हणजे भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समप्रमाणात. पण जालना हा भाताचा जिल्हा नाही. इथे पिकते कापूस, सोयाबीन आणि मका. त्यामुळे शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. तयार गोळी खाद्याची पोती विकत आणा किंवा आसपास मिळते त्यातून जमवा.

पिशवीवरचा टक्का फसवा असू शकतो

कार्प जातीच्या माशांना खाद्यात साधारण २५ ते ३० टक्के प्रथिन लागते. गाय किंवा शेळी यांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच जास्त आहे, कारण मासा प्रथिनाचा वापर अंग वाढवण्यासाठी तर करतोच, शिवाय ऊर्जेसाठीही मोठ्या प्रमाणात करतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू हलक्या चाऱ्यातूनही प्रथिन घडवतात. माशाकडे ती सोय नाही.

खाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ असा एक आकडा छापलेला असतो. तो आकडा प्रथिन मोजून काढलेला नसतो. डेन्मार्कच्या योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. त्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचे आणि येईल त्याला प्रथिन म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. सोयीचा आहे, पण त्यात फट आहे. नायट्रोजन युरियातही असतो आणि किड्यांच्या कवचातल्या कायटिनमध्येही. माशाला यातून प्रथिन मिळत नाही, आकडा मात्र वाढतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून लहान मुलांना आजारी पाडणाऱ्यांनी हीच फट वापरली होती.

आकडा खरा असला तरी पुढचा प्रश्न उरतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातली दहा अमिनो आम्ले माशाला शरीरात बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. शिंप्याकडे दहा सदऱ्यांचे कापड आहे, पण गुंड्या चार सदऱ्यांपुरत्याच आहेत, तर सदरे चारच होतील. उरलेले कापड वाया. माशाच्या शरीरातही असेच होते. लायसिन किंवा मेथिओनिन कमी पडले की बाकीचे प्रथिन अंगी लागत नाही. ते जळते आणि अमोनिया होऊन पाण्यात येते. म्हणजे शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले प्रथिन त्याच्याच तळ्याचे पाणी बिघडवते.

मासे खाऊन वाढणारे मासे

दहाही अमिनो आम्ले हव्या त्या प्रमाणात देणारा पदार्थ म्हणजे फिशमील, माशांची वाळवून दळलेली भुकटी. त्यात ६० ते ७० टक्के प्रथिन असते, ते सहज पचते आणि त्याच्या वासाने मासा खाद्याकडे ओढला जातो. म्हणून अनेक दशके मत्स्यखाद्यात फिशमीलला पर्याय नव्हता.

अडचण अशी, की फिशमील समुद्रातल्या लहान माशांपासून बनते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच पाळलेल्या माशांचे आणि इतर जलचरांचे उत्पादन, सुमारे ९.४४ कोटी टन, पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त झाले. पाळीव मासे असे वाढत असताना समुद्रातली मासळी मात्र वाढत नाही. त्या मासळीतली सुमारे पावणेदोन कोटी टन दरवर्षी भुकटी आणि तेलासाठी जाते. फिशमीलचा सर्वांत मोठा उत्पादक पेरू हा देश. तिथला अँकोव्ही मासा एल निनोमुळे १९७२ मध्ये जवळजवळ नाहीसा झाला होता. २०२३ मध्येही पेरूला पहिला हंगाम रद्द करावा लागला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. प्रशांत महासागरातल्या गरम पाण्याचा फटका असा हजारो कोसांवरच्या तळ्याला बसतो.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण तारलीचे. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. यामागे समुद्राच्या तापमानातले आणि प्रवाहांतले बदल हे मोठे कारण मानले जाते, पण पिल्ले पकडण्याने नुकसानीत भरच पडते. माणसाला खाण्याजोगी न वाढलेली मासळी भुकटीच्या कारखान्यात खपते, म्हणून ती पकडली जाते. हे रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये समुद्री माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. शेततळ्यातल्या एका किलो माशासाठी कोकणातल्या मच्छीमाराची उद्याची मासळी दळली जाणार असेल, तर त्या माशाला उत्पादन म्हणायचे की नुसती अदलाबदल, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

सोयाबीन: बाजाराचा मासा

फिशमीलची जागा जगभर सर्वांत आधी घेतली ती सोयाबीन पेंडीने. तेल काढलेल्या पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिन असते. लायसिन भरपूर, मेथिओनिन मात्र कमी. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारा घटक असतो. तो उष्णतेने नष्ट होतो. म्हणून घरचे सोयाबीन नुसते भरडून तळ्यात टाकणे चुकीचे. ते भाजलेले किंवा शिजवलेलेच हवे.

दुसरी अडचण फॉस्फरसची. सोयाबीनमधला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. कटला, रोहू, मृगळ या माशांना तर जठरच नसते. घशातून अन्न थेट आतड्यात जाते. जठराचे आम्ल नसल्याने अडकलेला फॉस्फरस त्यांना सोडवता येत नाही. तो विष्ठेतून पाण्यात जातो, पाण्यावर शेवाळ माजते आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू घटून मासे तोंड वर काढू लागतात. तयार खाद्यात म्हणूनच विरघळणारे फॉस्फेट किंवा फायटेज हे विकर मिसळतात.

आणि तिसरी अडचण भावाची. सोयाबीन पेंडीवर कोंबडीचाही हक्क आहे. २०२१ मध्ये पेंडीचे भाव एवढे भडकले, की केंद्राने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. तेव्हा कुक्कुटपालकांना दिलासा मिळाला आणि सोयाबीन उत्पादक नाराज झाले. शेतकरी एकाच वेळी सोयाबीन विकणारा आणि मत्स्यखाद्य घेणारा असेल, तर त्याचा एक खिसा भरताना दुसरा रिकामा होतो.

सरकी आणि मका: जवळचे, पण जपून

कापसाच्या जिल्ह्यात सरकीच्या पेंडीला तोटा नाही. दूध देणाऱ्या जनावरांचे ते नेहमीचे खाद्य. टरफलासकट दाबलेल्या पेंडीत २२-२४ टक्के प्रथिन आणि भरपूर चोथा असतो. टरफल काढून केलेल्या पेंडीत हेच प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. माशाला चोथा पचत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरी पेंड योग्य.

पण सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळसर विषारी द्रव्य असते. कपाशीच्या झाडाचे ते किड्यांविरुद्धचे हत्यार. गाईच्या पोटातले जिवाणू ते बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात, मासा ते करू शकत नाही. शिवाय पेंड बनवताना उष्णतेने गॉसिपॉल लायसिनला चिकटून बसते आणि आधीच कमी असलेले लायसिन आणखी घटते. गॉसिपॉलचा परिणाम प्रजननावर होतो. १९७० च्या दशकात चीनमध्ये पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, दुष्परिणामांमुळे त्या पुढे सोडून द्याव्या लागल्या. सरकीचे खाद्यतेल शुद्ध करताना हे द्रव्य निघून जाते, पेंडीत मात्र ते राहते. म्हणून माशाच्या खाद्यात सरकी पेंड थोड्या प्रमाणात आणि दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनेच द्यावी. बुरशीच्या साहाय्याने पेंड आंबवून गॉसिपॉल कमी करण्याचे तंत्रही विकसित झाले आहे. ते जिनिंग आणि तेलगिरण्यांच्या गावांपर्यंत पोहोचले, तर सरकीची पत बदलेल.

मक्याची गोष्ट नवी आहे. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरणे वाढले, तसा आंबवणीनंतर उरणारा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, बाजारात स्वस्तात मिळू लागला. मक्याच्या डीडीजीएसमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. त्याने पशुखाद्यातल्या सोयाबीन पेंडीशी स्पर्धाही सुरू केली आहे. धोका एवढाच, की मक्यातला स्टार्च निघून गेल्यावर मागे राहिलेले सगळे तिपटीने दाट होते, बुरशीचे विषसुद्धा. मूळ मका बुरशीचा असेल, तर चोथ्यातले अफ्लाटॉक्सिन तीन पट. माशाच्या यकृताला ते घातक आहे. भुईमूग आणि सरकी यांच्या पेंडीलाही हाच नियम. पावसाळ्यात दमट जागी ठेवलेली, काळे-हिरवे डाग पडलेली, कुबट वासाची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी तळ्यात जाता कामा नये.

स्वस्त प्रथिनाच्या शोधात काही ठिकाणी चिकनच्या दुकानांतला कच्चा कचरा माशांना घातला जातो. थायी मांगूर हा मासा त्यावर झपाट्याने वाढतो. या माशाच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे. तो स्थानिक मासे फस्त करतो आणि सडक्या मांसामुळे पाणी व परिसर दोन्ही घाण होतात. प्रथिन स्वस्त मिळाले, पण त्याची किंमत गावाने मोजली, असा हा व्यवहार.

कोषातून उरलेला खजिना

जालन्याचे खरे वेगळेपण मात्र रेशमात आहे. २०१८ मध्ये जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातले शेतकरी कोषांची पोती घेऊन नऊशे-हजार किलोमीटरवरच्या कर्नाटकातल्या रामनगरला जात. आता जिल्ह्यातच लिलाव होतो आणि आसपासच्या जिल्ह्यांतूनही कोष येतात.

कोष म्हणजे रेशमाचे घर आणि त्यात झोपलेला प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था. ताज्या कोषाच्या वजनात रेशमाचे कवच जेमतेम पाचवा हिस्सा असते. उरलेले चार हिस्से प्यूप्याचे. धागा काढण्यासाठी कोष गरम पाण्यात टाकतात, धागा निघतो आणि ओला प्यूपा मागे उरतो. साधारण सात किलो कोषांतून एक किलो रेशीम मिळते आणि साडेपाच किलो ओले प्यूपे. त्यातले पाणी काढले, की सव्वा ते दीड किलो सुका माल. म्हणजे रेशमापेक्षा त्याचा उरलेला भागच वजनाने जास्त.

या सुक्या मालात ५० ते ६० टक्के प्रथिन आणि २५ ते ३० टक्के चरबी असते. तेल काढून घेतले, तर प्रथिन सत्तर टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे फिशमीलच्या बरोबरीने. सोयाबीनमध्ये जे कमी असते ते मेथिओनिन प्यूप्यात चांगले असते. दोघांची जोडी म्हणूनच जमते. एकाकडे कापड, दुसऱ्याकडे गुंड्या. आणखी एक गोष्ट. तुतीच्या पानावर कीटकनाशक पडले तर रेशीमअळी मरते, त्यामुळे रेशीम उत्पादक फवारणीबाबत अतिशय काळजी घेतात. स्वच्छ कच्च्या मालाची ही एक आपसूक हमी.

ही कल्पना नवी नाही. चीनमध्ये हूझोऊ भागात तळ्याच्या बांधावर तुती, तुतीच्या पानावर रेशीमकिडे, किड्यांची विष्ठा आणि प्यूपे तळ्यातल्या माशांना, आणि तळ्याचा गाळ परत तुतीला, असे चक्र शतकानुशतके चालत आले आहे. अन्न व कृषी संघटनेने त्याला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानले आहे. जपानमध्येही कार्प माशांना प्यूपे खाऊ घालत. भारतात मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात एम. सी. नंदीशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायप्रिनस माशांवर प्रयोग केले. १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार फिशमीलऐवजी प्यूपे देऊनही माशांची वाढ मागे पडली नाही.

मग हे खाद्य सर्वत्र का दिसत नाही? याचे उत्तर जपानच्याच अनुभवात आहे. तिथे प्यूप्यांवर वाढवलेल्या कार्प माशांच्या पाठीचे स्नायू झडू लागले आणि पाठीचा कणा वर आलेला दिसू लागला. या आजाराला ‘सेकोके’ म्हणत. दोष प्यूप्यांचा नव्हता, त्यातल्या खवट झालेल्या तेलाचा होता. हवेत उघडे राहिलेले तेल बिघडते आणि माशाच्या शरीरातले ई जीवनसत्त्व खाऊन टाकते. खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळल्यावर आजार थांबला. माशाच्या मांसाला येणारा उग्र वासही शिळ्या प्यूप्यांमुळेच वाढतो.

गरम पाण्यातून निघालेला ओला प्यूपा उन्हाळ्यात काही तासांत सडू लागतो. म्हणून तो त्याच दिवशी वाळवणे, शक्य तर तेल काढणे आणि हवाबंद ठेवणे, या तीन पायऱ्यांवर सगळे अवलंबून आहे. त्या पायऱ्या नसतील, तर हा माल खताच्या भावाने जातो किंवा दुर्गंधी पसरवतो. आणि प्यूपा मिळतो तो धागा निघतो तिथे, कोष पिकतो तिथे नाही. कोष लिलावात विकून शेतकरी घरी जातो, कोष ट्रकने परराज्यात जातो, त्यासोबत प्यूपाही जातो. जालन्याला कोष बाजारपेठ मिळाली, त्याचा अर्धा फायदा झाला. धागा काढण्याचे काम जितके इथे वाढेल, तितके प्रथिनही इथेच राहील.

हिशेब करून पाहू. एका शेततळ्यातून एक टन मासे काढायचे असतील, तर दीड टन खाद्य धरावे. त्यात दहा टक्के प्यूपे मिसळले, तर दीडशे किलो सुके प्यूपे लागतील. ते साडेसातशे किलो कोषांतून मिळतात. साधारण एक एकर तुतीवर चांगला शेतकरी वर्षाला तेवढ्याच्या आसपास कोष काढतो. म्हणजे एक एकर तुती एका टन माशांच्या खाद्याचा दहावा हिस्सा पेलू शकते. आकडा छोटा वाटेल, पण खाद्यातला सर्वांत महाग दहावा हिस्सा तोच असतो. प्यूप्यांनी सोयाबीन पेंड हटणार नाही. तिच्यातली उणीव भरून काढण्यासाठी, फिशमीलच्या जागी ते पुरेसे आहेत.

माशीची अळी आणि वायूवरचे जिवाणू

कीटकांमध्ये सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची. तिची अळी भाजीपाल्याचा कचरा, उरलेले अन्न, फळांच्या साली यांवर दोन-तीन आठवड्यांत वाढते. सुक्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. प्रौढ माशी जवळजवळ काही खातच नाही. बाजार समितीचा भाजीपाला, मंगल कार्यालये, देवस्थानांची अन्नछत्रे, जिथे रोज मोठ्या प्रमाणावर अन्न उरते तिथे हा उपाय शोभतो. मात्र अळी जे खाते ते तिच्यात उतरते. कचऱ्यात कॅडमियमसारखे जड धातू असतील, तर ते अळीत साठतात. म्हणून ओला कचरा वेगळा न करता अळ्या वाढवणे धोक्याचे.

युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात सात कीटकांच्या प्रथिनाला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये त्या यादीत रेशीमकिड्याची भर घातली. भारतातही बंगळूरच्या लूपवर्मसारख्या नवउद्योगांनी कीटकांपासून खाद्य बनवायला सुरुवात केली आहे. त्याच शहरातली स्ट्रिंग बायो ही कंपनी मिथेन वायूवर जिवाणू वाढवून प्रथिन तयार करते. शेतकऱ्याच्या तळ्यापर्यंत हे पोहोचायला दर परवडावे लागतील. सध्या सोयाबीनपेक्षा कीटकांचे प्रथिन महाग पडते.

खाणाऱ्याच्या ताटात काय उतरते?

ग्राहकाला प्रश्न पडतो, की किडे खाल्लेला मासा खायचा का? उत्तर सरळ आहे. नदीतला मासा जन्मभर किडे आणि अळ्याच खातो. मुद्दा किड्यांचा नाही, चरबीचा आहे.

मासा हृदयासाठी चांगला, असे डॉक्टर सांगतात ते ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ चरबीमुळे. ही चरबी मासा स्वतः फारशी बनवत नाही. ती मूळची समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाची, लहान माशांतून मोठ्या माशांत येते. नॉर्वेतल्या सॅल्मनच्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे ९० टक्के घटक समुद्रातले होते, २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांवर आले. समुद्रावरचा ताण हलका झाला, पण किंमतही मोजावी लागली. स्कॉटलंडमधल्या सॅल्मनमधले ईपीए आणि डीएचए २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आल्याचे संशोधकांना आढळले. खाद्य बदलले की मासा बदलतो.

कार्प माशांची प्रकृती थोडी वेगळी. त्यांना वनस्पतीतल्या ओमेगा-३ पासून काही प्रमाणात ही चरबी बनवता येते. सोयाबीन आणि मक्याच्या तेलात ओमेगा-६ जास्त असते. प्यूप्याच्या तेलात मात्र अल्फा लिनोलेनिक आम्ल हे वनस्पतीतले ओमेगा-३ भरपूर असते. त्यामुळे ताजे प्यूपे खाद्यात थोडे असणे खाणाऱ्याच्याही हिताचे ठरू शकते. तरीही रोहू-कटल्याची खरी ओळख स्वस्त, पचायला हलके आणि उत्तम दर्जाचे प्रथिन हीच आहे. ओमेगा-३ साठी तारली आणि बांगडा यांना तोड नाही, आणि म्हणूनच ते दळून खाद्यात घालण्याऐवजी माणसाच्या ताटात जाणे अधिक शहाणपणाचे.

तळ्याच्या काठावर काय करता येईल?

स्वतः खाद्य मिसळणाऱ्या शेतकऱ्याने एकाच पेंडीवर विसंबू नये. भाजलेले सोयाबीन किंवा सोयाबीन पेंड, टरफल काढलेली थोडी सरकी पेंड, भरडलेला मका, खनिज मिश्रण आणि मिळाले तर ताजे वाळवलेले प्यूपे, अशा मिश्रणात एकाची उणीव दुसरा भरून काढतो. प्यूपे घेताना नाकाने तपासावे. खवट, जळका वास आला तर पोते परत करावे. खाद्य फेकून न देता तबकात किंवा छिद्रे पाडलेल्या पिशवीत द्यावे, म्हणजे किती खाल्ले ते कळते. ढगाळ दिवशी, मासे पाण्यावर तोंड काढत असतील तेव्हा खाद्य बंद ठेवावे. तयार पोते घेताना प्रथिनाच्या टक्क्याबरोबर उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादीही पाहावी. खात्री नसेल तर प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा.

बाकीचे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्यूपे वाळवणे, तेल काढणे, सरकी आंबवणे, मिश्रणाच्या गोळ्या पाडणे, यासाठी यंत्रे लागतात. ती गटशेती, शेतकरी उत्पादक कंपन्या किंवा सहकारी संस्था उभारू शकतात. बियाण्यांच्या उद्योगाने जालन्याचे नाव देशभर नेले, कारण शेतातल्या मालावर गावातच प्रक्रिया झाली. तुती, सोयाबीन, कापूस आणि मका इथल्याच शिवारात पिकतात. मासेही इथल्याच शेततळ्यांत वाढतात. या दोघांमध्ये प्रक्रिया करणारी एक साखळी उभी राहिली, तर राजूरच्या शेततळ्यातल्या माशाला पेरूच्या समुद्राकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.